जुनी एमजीबी घ्यावी का? (गंज, पैसा आणि हौस)

अभोगी

नमस्कार मंडळी,

इंग्लंडात कॉव्हेन्ट्रीत राहतो. घराला एक सिंगल गॅरेज आहे, त्यात सध्या बंद पडलेली सायकल आणि रिकामी खोकी आहेत. तिथे एक जुनी स्पोर्ट्स कार यावी, रविवारी तिच्याखाली झोपावं, अशी फार दिवसांची इच्छा आहे. बायकोचा विरोध नाही. "पसारा गॅरेजच्या बाहेर यायला नको" एवढीच अट.

एक गाडी हेरून ठेवलीय. १९७२ ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची), लाल, क्रोम बंपर, वायर व्हील्स (तारांची चाकं), ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनचे फेरे कमी करणारा जादा गिअर). मागतोय साडेपाच हजार पौंड. रंग नवा, हुड (कापडी टप) नवं, खालून नुकतंच अंडरसील (गंज रोखणारा काळा लेप) मारलंय म्हणे. "ओव्हरड्राइव्हची फक्त वायर निघालीय" असं म्हणाला. इंजिन सुरू करून व्हिडिओ पाठवला, आवाज काय सुरेख आहे! चाळीस वर्षांहून जुनी म्हणून रोड टॅक्स नाही, एमओटीची (इथली गाड्यांची वार्षिक सरकारी तपासणी) सक्ती नाही.

सर्व्हिसिंग, ब्रेक पॅड, असली कामं मी घरी करतो. वेल्डिंग येत नाही. घेण्यालायक आहे का, आणि बघायला गेलो तर काय बघू?

टिवल्याबावल्या

पहिला!

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. कुणीतरी टाकणारच होतं, मी टाकून मोकळा झालो. आता चालू द्या.

पाना नंबर तेरा

अभोगी, लोक इंजिनचा आवाज ऐकून भुलतात, म्हणून विकणारे इंजिनचाच व्हिडिओ पाठवतात. त्या गाडीत सगळ्यात कमी काळजीची गोष्ट कुठली असेल तर इंजिन. १७९८ सीसीचं बी-सिरीज, बीडाचं, धटिंगण. १९६४ च्या अखेरीस त्याला पाच बेअरिंगचं क्रँक आलं, म्हणजे ७२ चं तर भक्कमच. पार बसलं तरी घरच्या गॅरेजात हॉइस्ट लावून काढता येतं, सगळे सुटे भाग आजही घरपोच मिळतात. खर्च होतो, पण किती होणार ते आधी सांगता येतं. पत्र्याचं तसं नाही. गंज कुठवर गेलाय ते कापल्याशिवाय कळत नाही, आणि कापल्यावर मागे फिरता येत नाही.

एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. रोडस्टरला वर छप्पर नसल्यामुळे सगळा ताण दारांखालच्या सिलवर येतो. बाहेरून एक पट्टी दिसते, पण आत पत्र्यांची पेटी आहे: बाहेरचं सिल, मधे उभा पत्रा, आतलं सिल आणि तळाला कॅसल रेल. त्यातही बाहेरचं सिल पुढच्या आणि मागच्या मडगार्डच्या आत शिरलेलं असतं. नीट बदलायचं तर पुढचं मडगार्ड उतरवा (ते बोल्टवर आहे, देवाची कृपा) आणि मागच्याचा खालचा तुकडा कापा (ते वेल्ड केलेलं आहे). एवढा व्याप नको म्हणून कुजलेल्या सिलवरच नवा पत्रा टाके मारून बसवतात आणि वर काळं अंडरसील फासतात. वर्षभर छान दिसतं. आत ओल अडकलेली असते, ती तिचं काम करत राहते.

"नुकतंच अंडरसील मारलंय" हे वाक्य वाचून मी खुर्चीत सरळ बसलो.

जाताना घेऊन जा: एक लहान चुंबक (मऊ कापडात गुंडाळून, नव्या रंगावर ओरखडा नको), टॉर्च, चांगला जॅक, लाकडाचा ठोकळा आणि जुने कपडे. दाराच्या मागची उभी फट बघा, वरून खालपर्यंत सारखी हवी. मग सिलच्या जॅकिंग पॉइंटखाली ठोकळा ठेवून चाक उचला आणि तेच दार उघडून लावा. घासायला लागलं किंवा लागेनाच, तर नमस्कार करून घरी या. जॅकच आत घुसला तर नमस्कारही करू नका.

चक्रधर

मी आकडेमोडवाला माणूस, गाड्यांतलं कळत नाही, पण या धाग्यावर एक प्रश्न कुणीच विचारत नाहीये: तशीच गाडी पूर्ण करून तयार असलेली केवढ्याला मिळते?

कारण माझ्या माहितीतल्या ज्यांनी ज्यांनी हा उद्योग केला, त्यांचा एकूण खर्च शेवटी तयार गाडीच्या किमतीच्या वर गेला. गॅरेजवाल्याचे तासाचे पन्नास-साठ पौंड धरा आणि बॉडीचे तास मोजा. एमजीबी दुर्मिळ नाही. १९६२ ते १९८० मध्ये पाच लाखांहून जास्त निघाल्या. त्यामुळे किमतीला एक छत आहे, तुम्ही कितीही सोनं लावलंत तरी बाजार त्याच्या वर देत नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी हौसेवर खर्च झालेली गाडी घ्या. त्याचा तोटा तो तुम्हाला भेट देतोय.

अवांतर: ब्रिटनमध्ये मोटारगाडी विकून झालेल्या नफ्यावर भांडवली कर नाही. सरकारला माहितीय की बहुतेकांना नफा होतच नाही.

म्हापसेकर

चक्रधरराव, "दुर्मिळ नाही" हा दोष धरलात, मी तो गुण म्हणेन. आमच्याकडचं उदाहरण देतो.

बंगळूरच्या सॅन कंपनीची स्टॉर्म आठवते का कुणाला? १९९८ ची, दोन सीटची, उघड्या टपाची, फायबरग्लासची बॉडी. त्या काळात आपल्याकडे असली गाडी म्हणजे चमत्कार होता. माझ्या मित्राने एक बंद पडलेली घेतली. फायबर गंजत नाही, मग काय, असं त्याचं गणित. इंजिन रेनॉचं १,१४९ सीसीचं, त्यामुळे त्याचे भाग खटपट करून मिळाले. पण पुढची काच? दाराचं बीडिंग? टेललॅम्प? गाड्याच इतक्या थोड्या निघाल्या की कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरही मोडीत काढलेली दुसरी नाही. बीडिंग शेवटी कुठल्यातरी ट्रकचं कापून बसवलं, पावसात मांडीवर टॉवेल ठेवून चालवतो. आणि बॉडी गंजली नाही हे खरं, पण बॉडीच्या आतला लोखंडी सांगाडा आमच्या खाऱ्या हवेत व्हायचा तसा झाला.

गाडी निवडताना आधी तिचा पार्ट्स कॅटलॉग बघावा, गाडी नंतर.

पाना नंबर तेरा

म्हापसेकर, शंभर टक्के. एमजीबीची अख्खी नवी बॉडीसुद्धा मिळते! ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८ पासून मूळ साच्यांवर पुन्हा बनवायला घेतली. किंमत पाच आकडी आहे, आणि तिच्यावर रंग, वायरिंग, काच, सगळं वेगळं. पण मिळते.

गॅरेजवाली

पेट्रोलचं कुणी बोललं नाही. सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल) झालंय. जुन्या रबरी नळ्या, कार्बोरेटरची सील्स यांना ते मानवत नाही. सुपरचं ई५ (पाच टक्क्यांपर्यंत इथेनॉल) भरा आणि इंधनाच्या नळ्या आल्याआल्या बदला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या डोक्यावर दोन कार्बोरेटर बसलेत, तिथे गळती म्हणजे गंमत नाही. हेडला कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्यात का तेही विचारा, शिसं नसलेलं पेट्रोल जुन्या सीट खातं.

अभोगी

बरंच कळलं, धन्यवाद. गाडी बघायला शनिवारी जातोय. तोवर एक काम केलं. इथे गाडीचा नंबर टाकला की सरकारी साइटवर जुन्या एमओटीचा इतिहास फुकट दिसतो, तो काढला. २०१७ मध्ये मंगळवारी नापास: डावं सिल जास्त गंजलेलं, सीटबेल्टच्या टेकूपासून ३० सेंमीच्या आत. त्याच आठवड्यात गुरुवारी पास. त्यानंतर नोंद नाही, कारण २०१८ पासून चाळिशी ओलांडलेल्या गाड्यांना सक्ती उठली. म्हणजे सिलचं काम झालंय ना? चांगलंच म्हणायचं?

पाना नंबर तेरा

मंगळवारी नापास, गुरुवारी पास. अहो, मधे एक बुधवार!

एका बुधवारात पुढचं मडगार्ड उतरवून, मागचं कापून, दाराला आतून टेकू लावून (तो लावला नाही तर सिल कापताक्षणी बॉडी वाकते आणि मग दार जन्मभर लागत नाही), आतला उभा पत्रा बदलून, पुन्हा जोडून, रंगवून कोण देणार? एवढ्या वेळात फक्त ठिगळ बसतं. परीक्षकाला ठिगळ चालतं, नियमात बसेल असं सगळीकडून सलग वेल्ड केलेलं असलं म्हणजे झालं. त्याचं काम त्या दिवशी गाडी धोकादायक आहे का एवढंच बघण्याचं. आणि तो डाव्या बाजूबद्दल बोललाय. उजवीकडचं सिल त्याच पावसात भिजलं, त्याच मिठाच्या रस्त्यावर फिरलं.

तुम्ही काढलेल्या त्या दोन ओळी साडेपाच हजारांपेक्षा जास्त मोलाच्या आहेत. सक्ती नसली तरी एमओटी करून घेता येते. "विकण्याआधी करून दे, फी मी देतो" असं विकणाऱ्याला सांगून बघा. काय बोलतो त्यावरून गाडी न बघताच निम्मं कळेल.

टिवल्याबावल्या

"मधे एक बुधवार" – बेकार हसलो.

रेवा

अटलांटिकच्या अलीकडून. माझ्या नवऱ्याने पोर्श ९४४ घेतली होती, १९८६ ची. त्याचं म्हणणं, एमजी-बिमजी गंजतात, ९४४ चा पत्रा गॅल्व्हनाइज्ड आहे. ते खरंच होतं, पत्रा अजून चांगला आहे. पण त्या इंजिनला टायमिंग बेल्ट आहे, आणि तो तुटला की पिस्टन सरळ व्हॉल्व्हवर आपटतात. आधीच्या मालकाने "बदललाय" सांगितलं, बिल नव्हतं. पुढचं लिहित नाही.

नंतर क्लच गेला. त्या गाडीत इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे, मधे लांब नळी. क्लच बदलायचा तर ती नळी मागे सरकवावी लागते, त्यासाठी एक्झॉस्ट उतरवा, मागचा गिअरबॉक्स सोडवा. क्लच प्लेटचे पैसे कमी, मजुरीचे कित्येक पट. तेव्हा पाना नंबर तेरांचं "पत्रा बघा, इंजिन सोडा" हे एमजीबीपुरतं बरोबर आहे. प्रत्येक गाडीची महाग जागा वेगळी असते. ती कुठे आहे ते घेण्याआधी शोधायचं, आणि त्या जागेचं बिल मागायचं. तोंडी काही मानायचं नाही.

पाना नंबर तेरा

मान्य, रेवाताई. मी एमजीबीबद्दलच बोलत होतो, पण सरसकट वाचलं जाऊ शकतं खरं.

नानापेठी

वयाने या धाग्यावर सगळ्यात मोठा मीच असेन. चक्रधरांचा हिशेब बरोबर आहे आणि तरी मला पटत नाही. कुणी तानपुरा विकत घेताना तो पुढे केवढ्याला जाईल असं विचारतं का?

माझ्याकडे स्टँडर्ड हेराल्ड आहे, मद्रासची. ९४८ सीसी. ती काही स्पोर्ट्स कार नव्हे, पण अभोगी कॉव्हेन्ट्रीत राहतात म्हणून सांगतो: तुमच्या गावातच, कॅनलीला, ट्रायम्फ स्पिटफायर बनायची, आणि तिची चासी म्हणजे आमच्या हेराल्डचीच, आखूड केलेली. त्यामुळे पुण्यात बसून मी स्पिटफायरचे भाग मागवतो आणि ते बसतात. एमजीबीच्याच मागे का लागलात? स्पिटफायर स्वस्त, आणि तिचं अख्खं नाक पुढे उलटतं, पुढच्या टायरवर बसून चहा पीत टॅपेट सेट करता येतात.

मात्र एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची. पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली एका पितळी ट्रनियनमध्ये आट्यांवर फिरतो. त्यात ग्रीस भरायचं नाही, गिअर ऑइल घालायचं, ९० नंबरचं. सगळे मेकॅनिक सवयीने ग्रीसगन लावतात. ग्रीस खालपर्यंत पोचत नाही, आटे कोरडे पडून आत पाणी जातं, गंज लागतो, आणि एक दिवस वळणावर दांडा तुटून चाक आडवं होतं. नाना पेठेत मी स्वतः उभा राहून ऑइल घालून घ्यायचो. तो पोरगा म्हणायचा, काका, ग्रीसनं मरत नाय गाडी. मी म्हणायचो, मी मरतो.

चक्रधर

काका, तानपुरा गंजत नाही.

नानापेठी

भोपळा फुटतो की! मग मिरजेला जावं लागतं. आणि जातात लोक.

चक्रधर

ठीक, हौसेला मोल नाही हे मान्य. पण हौसेचीही मर्यादा आधी ठरवावी. "इतके पैसे पाण्यात गेले तरी घरात भांडण होणार नाही" असा एक आकडा कागदावर लिहायचा. गाडीची किंमत त्याच्या निम्म्याहून कमी ठेवायची. उरलेले निम्मे जाणारच आहेत. अर्धवट सुटी करून खोक्यांत भरलेल्या जेवढ्या गाड्या विकायला येतात, त्यांच्या मालकांकडे हौस भरपूर होती, आकडा नव्हता.

गॅरेजवाली

+१. आणि खोक्यांतली गाडी कधीही, कधीही घेऊ नका. "सगळे भाग आहेत" म्हणतात. नसतात. असले तरी कुठला बोल्ट कुठला ते माणूस पाच वर्षांपूर्वीच विसरलेला असतो.

कृष्णाकाठ

वाचतोय. मध्येच एक प्रश्न: ही गाडी पुढेमागे भारतात नेता येईल का? तिथे नातेवाइकांत मिरवायला बरी.

नानापेठी

नेता येईल, पण मिरवण्यापुरतीच. पूर्वी १९५० च्या आधीच्या गाड्याच विंटेज म्हणून आणता यायच्या. २०२५ पासून पन्नास वर्षांहून जुनी कुठलीही चालते, म्हणजे ७२ ची बसेल. कस्टम ड्युटी ऐकून बसायला खुर्ची जवळ ठेवा. इथे नोंदणी २०२१ च्या विंटेज नियमांखाली: नंबर प्लेटवर "व्हीए" ही अक्षरं, फी २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढे नूतनीकरणाला ५,०००. आणि ती रोजच्या वापराला नाहीच. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, असल्या कामापुरती रस्त्यावर आणायची.

भारतातच जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो: इथे पत्र्याच्या आधी कागद. आरसी बुकावरचा चासी नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर स्वतः, हाताने धूळ पुसून, ताडून बघा. कारागीर आपल्याकडे मिळतो, पत्रा हाताने ठोकून मडगार्ड उभं करणारे मिस्त्री अजून आहेत. हरवलेलं आरसी बुक ठोकून उभं करता येत नाही.

अभोगी

गाडी बघून आलो. जरा लांबलचक लिहितोय.

पोचल्यावर बॉनेटला हात लावला, गरम. मी यायच्या आधी त्याने चालवून ठेवली होती. गार इंजिन कसं सुरू होतं ते बघायचंच राहिलं. ऑइल प्रेशर चालत्या गाडीत ५० च्या आसपास, आयडलला १५-२०. किंगपिनचा (पुढचं चाक ज्यावर वळतं तो दांडा) खडखडाट नव्हता (पाना नंबर तेरांनी व्यनिमध्ये, म्हणजे खासगी निरोपात, सांगितल्याप्रमाणे ब्रेक दाबून ठेवून चाक हलवलं, म्हणजे बेअरिंगचा खेळ त्यात मिसळत नाही). एक मागचं चाक उचलून, ब्रेक दाबायला सांगून चाक फिरवलं तर हबवर किंचित फिरलं, "टक्" असा आवाज. म्हणजे वायर व्हीलचे दाते झिजलेत.

ओव्हरड्राइव्ह लागत नाही. वायर बघितली, जागेवर होती.

मीटरवर ३४,००० मैल आहेत. "खरे आहेत" म्हणाला. मीटर पाच आकडी आहे, ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य, हे त्यालाही माहीत असावं.

आता पत्रा. दाराच्या मागे, सिल आणि मागचं मडगार्ड मिळतात त्या कोपऱ्यात चुंबक लावला, पडला. दोन बोटं वर लावला, पडला. वीतभर वर चिकटला. उजवीकडे तर जवळपास चाकाच्या कमानीपर्यंत पुट्टीच. रंग मात्र आरशासारखा. सीटमागचा गालिचा उचलला. या गाडीला मुळात सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, त्यांच्या दोन पेट्या. त्याने एक बारा व्होल्टची बसवलीय, दुसरी पेटी रिकामी. तिच्या तळातून त्याच्या अंगणातली खडी दिसत होती. मी टॉर्च बंद केली तरी दिसत होती.

जॅक लावायची वेळ आली तेव्हा म्हणाला, "तिथे नको, ॲक्सलखाली लाव." मी म्हटलं, जॅकिंग पॉइंट इथेच आहे ना? म्हणाला, "हो, पण आम्ही तिथे लावत नाही." लावला नाही. एमओटीचं विचारलं तर म्हणे "आता लागत नाही ना, कशाला?" निघताना किंमत आपणहून ४,२०० वर आली.

पाना नंबर तेरा

"आम्ही तिथे लावत नाही" हे फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

बघा, दोन्ही सिल संपूर्ण, कॅसल रेल, मागचे दोन्ही कोपरे, बॅटरीच्या पेट्या. पुढच्या चाकामागे मडगार्डच्या आत चिखल साचतो, तिथेही असणारच. वेल्डिंग तुम्हाला येत नाही, म्हणजे बाहेर द्यायचं. त्यानंतर अख्खा रंग पुन्हा, कारण आत्ताचा सुंदर रंग कापला जाणार. त्याने त्या रंगावर घातलेले पैसे तो तुमच्याकडून वसूल करतोय आणि तुम्ही तो ग्राइंडरने काढणार. माझ्या मते ही गाडी १,५०० ची आहे: इंजिन, गिअरबॉक्स, हुड, क्रोम सुटं करून विकायला. ४,२०० ला घेऊन रस्त्यावर धड आणायला बाहेरच्या मजुरीत पाच आकडी जाईल.

गॅरेजवाली

१,५०० ला मात्र मी घेईन! हुड नवं आहे. :)

अभोगी, वेल्डिंगचा संध्याकाळचा कोर्स इथल्या बऱ्याच कॉलेजांत असतो. मी तसाच शिकले. मिग वेल्डरने पातळ पत्र्याला टाके मारणं जमायला लागलं की हा सगळा हिशेब बदलतो. मजुरी शून्य धरली तर बऱ्याच "नको" गाड्या "चालेल" होतात. पण पहिली गाडी वेल्डिंगचा सराव करायला घेऊ नये. सराव मोडीतल्या मडगार्डवर करावा.

नानापेठी

मग माझदाची एमएक्स-५ घ्या की राव. १९८९ पासूनची, जपानी, सकाळी चावी फिरवली की सुरू. आता तीही जुनीच म्हणायची.

गॅरेजवाली

काका, तीही सिललाच गंजते. हुडाचं पाणी वाहून जायच्या नळ्या पाल्यापाचोळ्याने तुंबतात, पाणी मागच्या सिलमध्ये उतरतं. मागच्या चाकासमोर, खाली, अंगठ्याने दाबून बघायचं. पण रोज वापरायची आणि दुरुस्तीत कमी वेळ घालवायचा असेल तर सूचना चांगली आहे.

अभोगी

लाल गाडीला नकार कळवला. तो आणखी खाली यायला तयार होता, पण नको.

त्या गडबडीत दुसरी एक सापडली. एमजीबी जीटी (पक्क्या छपराची), १९७१ ची, श्रॉपशरमध्ये. दिसायला भिकार. मूळचा हिरवा रंग उडालेला, पुढचं एक मडगार्ड नुसतं प्रायमरमध्ये, सीटा फाटलेल्या. पण सिल दोन्ही बाजूंचं बदललंय, काम चालू असतानाचे फोटो आहेत: मडगार्ड उतरवलेलं, दाराच्या जागी आडवा टेकू लावलेला, नवा उभा पत्रा आत दिसतोय. बिलांची फाइल आहे. मालक म्हातारा आहे, दरवर्षी सक्ती नसताना एमओटी करतो, शेवटची वसंतातली, गंजाचा शेरा नाही. विमासुद्धा ठरवलेल्या किमतीचा आहे, त्याचे कागद दाखवतो म्हणाला. मागतोय पाच हजार. एकच दोष सांगितला, धूर सोडते.

लोक कमी येतायत बघायला, असं म्हणाला. "फोटो चांगले येत नाहीत तिचे."

चक्रधर

हीच. बिलांची बेरीज करा. म्हाताऱ्याने सिलवर घातलेला पैसा पाच हजारांत आलाय का, बघा.

पाना नंबर तेरा

जीटीला छप्पर आहे, बॉडी रोडस्टरपेक्षा ताठ, हिवाळ्यात चालवता येते, आणि तरी बाजारात रोडस्टरपेक्षा स्वस्त. मला हे कोडं सुटलेलं नाही, पण माझ्याकडे जीटीच आहे म्हणून तक्रार नाही. मागच्या काचेच्या दाराची खालची कड आणि पुढच्या काचेखालचा पत्रा बघा, जीटीला तिथे पाणी धरतं.

धूर कुठल्या रंगाचा? उतारावर पाय सोडून पुन्हा दाबल्यावर निळा फुसका येत असेल तर व्हॉल्व्ह गाइड आणि सील, म्हणजे हेड उतरवण्याचं काम, ते तुम्ही घरी करू शकता. सतत निळा, आणि ऑइल टॉपअप करत राहावं लागत असेल तर रिंगा-बोअर, इंजिन बाहेर. पांढरा, आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट. तिन्हीचा खर्च सांगता येतो, आणि तिन्ही मिळूनही दोन सिलइतका होत नाही. काळा असेल तर कार्बोरेटर जास्त पेट्रोल देतोय, ते एका दुपारचं काम.

हत्यारांचं मात्र बघा. ही गाडी इंची मापाची आहे. माझ्या आयडीवर जाऊ नका, अर्ध्या इंचाच्या नटाला तेराचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि नट गोल करून ठेवतो.

अभोगी

म्हाताऱ्याला आत्ताच फोन केला. विचारलं, धूर कुठल्या रंगाचा? म्हणाला, "मी गाडीत बसलेला असतो, मागचं मला काय दिसतंय? बायको म्हणते निळा."

रविवारी जातोय. त्याला म्हटलं, मी येण्याआधी गाडी सुरू करू नका, गार ठेवा. तर म्हणतो काळजी नको, बॅटरी उतरलीय, तुम्हीच जंप लीड घेऊन या.